अठरा शतांश

देल्मिराने शेवटचा स्क्रू आवळला, फोनच्या पडद्यावर शून्य आलेलं पाहिलं आणि मगच ती मिलिंग मशीनखालून सरपटत बाहेर आली. गुडघ्यांना तेल, केसांत लोखंडाचा भुसा. मशीनच्या टेबलाला तिने स्टीलची एक लांब पट्टी बसवली होती. स्वस्तातलं डिजिटल कॅलिपर घेऊन, त्याची चोच कापून टाकून उरलेली ती पट्टी. तिच्यावरून सरकणाऱ्या डबीतून एक वायर निघून जुन्या फोनपर्यंत आली होती, आणि टेबल केसभर हललं तरी फोनवरचा आकडा बदलत होता. असं तयार यंत्र विकत घ्यायचं तर कारखान्याला वर्षभर नवी हत्यारं विसरावी लागली असती.

"झालं, वस्ताद. या आता."

नासारेनो लगेच पुढे आला नाही. कोटाच्या खिशांत हात घालून तो तीन पावलांवर उभा होता. सदुसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली एकतीस वर्षं याच मशीनवर गेलेली. गेले तीन आठवडे मात्र तो मागच्या खोलीत जुने बोल्ट निवडत बसत होता. दोन-अडीच महिन्यांत केलेले, पाइप जोडायचे चाळीस फ्लँज गिऱ्हाइकाने परत पाठवले होते. भोकं एकमेकांवर बसत नव्हती. सकाळच्या थंडीत माते या तिथल्या कडू चहाचा भोपळा तोंडाशी नेताना वस्तादाचा हात थरथरतो, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं, त्यामुळे भोकं का चुकली हे कुणी शोधायला गेलं नाही. हात गेला, असं ठरून गेलं.

रोसारिओच्या दक्षिणेला नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचा तो कारखाना. मालक गाशा गुंडाळून पळाला त्याला वीस वर्षं होऊन गेली होती आणि तेव्हापासून कामगारच तो चालवत होते. साहेब कुणी नाही. जे ठरायचं ते सभेत, हात वर करून. उद्या शुक्रवारी सभा होती आणि नासारेनोचं मशीन दुसऱ्याला द्यायचं का, हा पहिलाच विषय होता. देल्मिराने अध्यक्ष ओविदिओकडून एक सकाळ मागून घेतली होती. दोष हाताचा नसून झिजलेल्या मशीनचा आहे, हे माझी पट्टी दाखवेल, असं ती छातीठोकपणे म्हणाली होती. एकोणीस वर्षांची असताना झाडू मारायला आलेल्या तिचा हात याच माणसाने या हँडलवर ठेवला होता. त्याला बोल्ट निवडताना बघून तिला जेवण जात नव्हतं.

"दहा खुणा करायच्या," ती म्हणाली. "पाच टेबल उजवीकडे नेताना, पाच परत आणताना. फोनकडे बघायचं नाही. नेहमीसारखं हँडलच्या चकतीवरच्या रेघा मोजून."

"ही तुझी चहाडखोर बघणार आणि मी नाही बघायचं?"

पट्टीला हे नाव कारखान्यानेच ठेवलं होतं. देल्मिरा हसली. नासारेनोने खिशातून हात काढले. डावं मनगट थरथरत होतं, पण टेबल सरकवायच्या हँडलवर बसलं आणि शांत झालं. ती फोन आपल्याकडे वळवून कागदावर लिहीत गेली. उजवीकडे जाताना चूक शून्य, शून्य, एक शतांश मिलिमीटर, शून्य, एक. तिच्या जिवात जीव आला. मग टेबल परत येऊ लागलं. अठरा. सतरा. अठरा. अठरा. अठरा.

तिने शेवटचा आकडा लिहिला आणि पेन्सिल कागदावरच टेकवून ठेवली.

ओविदिओ थर्मास काखेत मारून आला. "काय म्हणते चहाडखोर?" त्याने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "पाच बरोबर, पाच चूक. वाईट वाटतं गं. पण निदान वाद तरी मिटला."

"थांब जरा, ओविदिओ. मला पुन्हा बघायचंय."

"बघ की. उद्या सहाच्या सभेपर्यंत बघ."

ओविदिओ गेला. नासारेनोने चिंधीने हँडल पुसलं आणि तो बोल्टांच्या खोलीकडे निघून गेला. देल्मिरा तिथेच बसून राहिली. थरथरणारा हात कधी पाच चुकतो, कधी तीस, कधी नेम साधतो. हा हात प्रत्येक वेळी तेवढाच चुकत होता, आणि फक्त परत येताना. त्यात हा अठराचा आकडा तिने आधी पाहिला होता. कधी, ते आठवलं तेव्हा तिने वाकून टेबलाखाली पाहिलं.

मे महिन्यात, तिथली थंडी सुरू होताना, एका शनिवारी कारखाना बंद असताना ती किल्ली घेऊन आत आली होती. पट्टीची कल्पना तेव्हा सभेपुढे गेलीही नव्हती, पण तिला दम धरवत नव्हता. याच मशीनवर तिने पट्टी पहिल्यांदा लावून पाहिली. हँडल उलटं फिरवलं तर टेबल लगेच हलेना. आधी जुन्या स्क्रूतली ढिलाई संपायची, मग ते हलायचं. किती ढिलाई? पडद्याने सांगितलं, अठरा शतांश. तिला ते बघवलं नाही. पाना घेऊन तिने टेबलाखालचा नट आवळला आणि ढिलाई काढून टाकली. वस्ताद खूश होईल असं तिला वाटलं होतं. दुसऱ्याच्या मशीनला हात लावला की दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचं, हा इथला नियम. तिने लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर शनिवारी गुपचूप काय चाललं होतं तेही सांगावं लागलं असतं. सोमवारी सांगू म्हणाली आणि सोमवारी विसरली.

नासारेनो ती ढिलाई कित्येक वर्षं हातात बाळगून होता. टेबल परत आणताना तो चकतीवरच्या नऊ रेघा जास्त फिरवायचा. एकेक रेघ दोन शतांशांची. हे त्याने कुणाला शिकवलं नव्हतं. ते मोजणं आता त्याच्याही लक्षात येत नसेल. ढिलाई गेली, पण त्या नऊ रेघा हातात राहिल्या. चाळीस फ्लँज तिने बिघडवले होते, पाना घेऊन, भल्यासाठी.

नट पुन्हा सैल करायला दोन मिनिटं लागली असती. पाना तिच्या मांडीवरच होता. मग आणखी दहा खुणा, त्या दहाही बरोबर, ओविदिओ चकित, आणि तिला हवी असलेली सहा मशीनना पट्ट्या बसवायची परवानगी उद्याच्या उद्या हातात. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे इतक्या सरळ येऊन उभं राहिलं की तिला स्वतःची किळस आली. तिने पाना पेटीत टाकला आणि ती उठली.

नासारेनो बोल्टांच्या ढिगापुढे बसून पाव आणि तळलेलं मांस खात होता. त्याने तिला पालथ्या डब्यावर बसायची खूण केली, भोपळ्यात पाणी ओतलं आणि तिच्यापुढे धरला.

"तोंड पाडू नकोस, पोरी. तू केलंस ते चांगलंच केलंस. निदान कळलं तरी."

"वस्ताद, ऐका..."

"मला आधीच कळलं होतं. या थंडीपासून हँडल जड लागायला लागलं. पूर्वी दोन बोटांनी फिरायचं, आता खांद्यातून जोर लावावा लागतो. दंडात ताकद उरली नाही, की मग हाताचा तरी काय भरवसा?"

देल्मिराने नळी तोंडाला लावलीच नाही. भोपळा दोन्ही हातांत धरून तिने सगळं सांगितलं. शनिवार, पट्टी, अठरा, पाना, फळा. एकही गोष्ट तिने मवाळ केली नाही. सांगून झाल्यावर पत्र्यावर कुठेतरी पाणी ठिबकत असलेलं तिला ऐकू आलं.

"कधी म्हणालीस?"

"मे महिन्यात. पंचवीस तारखेच्या सुट्टीआधीचा शनिवार."

त्याने बोटांवर महिने मोजले. "म्हणजे हँडल जड झालं ते..."

"नट आवळल्यामुळे. तुमच्या दंडाला काही झालेलं नाही."

नासारेनोने हातातला पाव बाजूला ठेवला. त्याला राग यावा, त्याने आईवरून शिवी हासडावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

"मी नातीला उचलणं सोडलं, देल्मिरा," तो म्हणाला. "पोरगी दोन्ही हात वर करून पुढ्यात उभी राहते आणि मी तिला खुर्ची दाखवतो. माझ्या हातून पडेल म्हणून. तीन महिने झाले. आता ती येतच नाही माझ्याकडे."

त्याने तिच्या हातातून भोपळा घेतला, थंड झालेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, आणि भोपळा खाली ठेवला.

"उद्या सभेत बोलणार आहेस?"

"हो."

"मग नीट बोल. रडायचं नाही. रडलीस की सगळे तुझ्याकडे बघतील. त्यांना आकडे दिसले पाहिजेत."

ती रडली नाही. शुक्रवारी जेवणाच्या खोलीत तेवीस जणांपुढे उभी राहून तिने कागद वाचला आणि मग नट आवळणारी मी, असं सांगितलं. आधी कुणाला समजलंच नाही. समजल्यावर गलका झाला.

"चाळीस फ्लँज, देल्मिरा! चाळीस!" लेथवरचा सेबेरो ओरडला. "आणि तीन आठवडे म्हाताऱ्याला बोल्ट निवडायला लावलं ते आम्ही सगळ्यांनी!"

"फळ्यावर एक ओळ लिहायची होती," ओविदिओ म्हणाला. "एक ओळ."

ठराव भराभर झाले. नासारेनोला त्याचं मशीन परत, सगळे हात वर. देल्मिराने वर्ष संपेपर्यंत स्वतःचं सोडून कुठल्याही मशीनला बोटही लावायचं नाही. तिनेही हात वर केला. पट्ट्यांचा विषय निघाला तेव्हा सेबेरो म्हणाला, ती ब्याद आधी काढून टाका. नासारेनो उठला.

"माझ्या मशीनवरची राहू दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन, असं कुणीतरी म्हणालं. सेबेरोने त्याच्या गळ्यात हात टाकून गालाचा मुका घेतला, ओविदिओने डोळे पुसले. देल्मिराला वाटलं, आपल्याला माफ केलं. त्या रात्री ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

सोमवारी तिच्या ड्रिल मशीनवरून तिला वस्तादाची पाठ दिसत होती. नवे फ्लँज आले होते. तो हँडल फिरवत होता, पण मान वर होती. डोळे ना कामावर, ना चकतीवर. फोनवर होते. एक वळसा, थांबून आकडा. अर्धा वळसा, थांबून आकडा. एका फ्लँजला पूर्वी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागत होता. भोकं मात्र अगदी अचूक पडत होती. ओविदिओ दोनदा येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

दुपारी तिसरा फ्लँज चालू असताना फोनची बॅटरी संपली. पडदा काळा झाला. नासारेनोचा हात हँडलवर अर्ध्या वळशात थबकला. तो तसाच उभा राहिला, दवाखान्यात आपलं नाव पुकारायची वाट बघत रांगेत उभं राहतात तसा. मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"देल्मिरा. किती झालं?"

तिचे पाय त्याच्या दिशेने निघालेच होते. सभेचं बंधन आठवून ती त्याच्या मशीनभोवतीच्या पिवळ्या रेघेशी थांबली.

"मी हात लावू शकत नाही, वस्ताद. पण तुमचं तुम्हाला येतं की. चकती बघा. आता ढिलाई नाही, नऊ रेघा धरू नका, बस. माझ्यापेक्षा तुमच्या हाताला जास्त कळतं."

तो हाताकडे बघत होता. बोटं हँडलवर पक्की होती, जराही थरथरत नव्हती. अर्धा वळसा उरला होता, अर्ध्या श्वासाचं काम. त्याने एकेक बोट सोडवत हात काढला, पँटीला पुसला आणि चार्जर शोधायला गेला.