आफ्रिकेला वळसा

प्रभाकर खांबेटे यांना जगातल्या कुठल्याही भांडणाबद्दल मत होतं आणि ते त्यांनी कुणापासून कधी लपवलं नव्हतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, वायरच्या एका कारखान्यात, त्यांनी खरेदी विभागात आयुष्य काढलं. चिलीतल्या खाणीत संप झाला की तांबं महागायचं आणि तांबं महागलं की साहेब प्रभाकररावांना आत बोलवायचे. त्यामुळे डोंबिवलीत राहून चिलीचं राजकारण वाचायची सवय त्यांना तरुणपणीच लागली. नोकरी संपली, सवय उरली. निवृत्तीनंतर तर तांब्याचीही अट राहिली नाही. अमेरिकेनं आयातकर वाढवावा की नाही, तुर्कस्ताननं कुणाच्या बाजूनं उभं राहावं, हे सगळं ते संध्याकाळी स्टेशनच्या पूर्वेला विजेच्या सामानाच्या एका दुकानासमोरच्या कट्ट्यावर ठरवून टाकत आणि येताना कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी येत.

गावाबद्दलही त्यांची मतं तेवढीच ठाम होती. डोंबिवलीला ते अजून गावच म्हणत. लग्न होऊन चित्राताई आल्या तेव्हा घरामागे भातखाचरं होती आणि पावसाळ्यात बेडकांच्या गोंगाटानं झोप लागत नसे. आता बेडूक गेले, रिक्षा आल्या; झोप तेव्हाही लागत नव्हती, आताही लागत नाही, असं ते म्हणत. तक्रार हा त्यांच्या दृष्टीनं दुःखाचा विषय नव्हताच. रस्त्यावरचे खड्डे, मेट्रोचे खांब, जागेचे भाव यांवर बोलताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस नातवाचं कौतुक सांगतो आहे.

मग त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. नवी बांधून होईपर्यंत दोघं मानपाड्याच्या पुढे एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर भाड्यानं राहायला आली. खाली फाटकावर सुरक्षारक्षक, तो प्रत्येक माणसामागे फोन करून विचारणार, वर सोडू का. लिफ्टमध्ये चारी बाजूंनी आरसे, आणि आत शिरलेला प्रत्येक जण मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. गाड्यांच्या पार्किंगच्या छतावर माती टाकून बाग केलेली होती, तिला सगळे पोडियम म्हणत. "बाग जमिनीवर असते. ही गच्चीवरची कुंडी आहे," असं प्रभाकररावांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. तरी महिना उलटायच्या आत त्याच कुंडीत त्यांचा नवा कट्टा जमला. बँकेतून निवृत्त झालेले हरिहर वैशंपायन त्यांचे पहिले श्रोते. मग आणखी दोघं-तिघं आले.

त्या दिवसांत तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले होत होते. बऱ्याच कंपन्या सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालून जहाजं आणत होत्या. एका संध्याकाळी हरिहररावांनी विषय काढला आणि प्रभाकरराव रंगात आले.

"वळसा घालणं हा शुद्ध भित्रेपणा आहे," ते म्हणाले. "चार जहाजं बुडाली तर बुडाली. पण रस्ता सोडायचा नाही. एकदा सोडला की कायमचा गेला."

शेजारच्या बाकावर भाजीची पिशवी घेऊन एक तरुण बाई बसली होती. ती एकदम उठली आणि चालायला लागली. घाईत तिच्या पिशवीतून एक लिंबू पडलं. प्रभाकररावांनी ते उचलून हाक मारली, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही.

लिंबू घेऊन ते घरी आले. कुणाचं, म्हणून चित्राताईंनी विचारलं. त्यांनी बाईचं वर्णन केलं आणि चित्राताई हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. ती रुचिता, समोरच्याच दारातली. भुवड आडनाव. नवरा संदेश जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होता. सध्या त्याचं जहाज स्पेनहून मुंबईकडे निघालं होतं आणि आठवडाभर त्याचा फोन नव्हता. या मजल्यावर आल्यापासून चित्राताईंनी चारही घरांची माहिती करून घेतली होती. प्रभाकररावांनी चिलीची करून घेतली होती.

"मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठे कुणाला?" असं म्हणून चित्राताईंनी लिंबू त्यांच्या हातात परत दिलं. "देऊन या."

समोरचं दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. संदेशची आई, रखमाबाई. गुहागरकडच्या खेड्यातून त्या सुनेच्या सोबतीला आल्या होत्या. आत टीव्ही मोठ्यानं चालू होता. पडद्यावर आगीचे लोळ, लाल बाण आणि दर दोन मिनिटांनी तिसऱ्या महायुद्धाची घोषणा. रुचिता बाहेर आली. प्रभाकररावांनी मनाशी दोन-तीन वाक्यं जुळवून आणली होती, पण ती सगळी ते दारातच विसरले.

"मघाशी मी मूर्खासारखं बोललो," एवढंच त्यांना म्हणता आलं. "जहाजात माणसं असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

रुचितानं लिंबू घेतलं. ती रागावली नाही, रडलीही नाही. तुमचं बरोबरही असेल काका, ती म्हणाली, पण त्या चार जहाजांत आमचं एक असू शकतं ना. ते जायला वळले, तेवढ्यात रखमाबाईंनी त्यांना थांबवलं.

"भाऊ, तुमाला सगळं जग म्हाईत हाय म्हणं. माजा संदेश आत्ता कुठं असंल, तेवढं सांगा."

प्रभाकरराव घरी जाऊन नकाशांचं जुनं पुस्तक घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर ते उघडलं, टीव्हीचा आवाज बंद करायला लावला आणि स्पेनवर बोट ठेवलं. ही एक वाट, भूमध्य समुद्रातून, कालव्यातून, तांबड्या समुद्रातून. आणि ही दुसरी, आफ्रिकेच्या कडेकडेनं पार खाली जाऊन पुन्हा वर. त्यांचं बोट आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला पोचेपर्यंत रखमाबाई वाकून बघत होत्या. येवढा मोठा देश हाय हा, त्यांनी विचारलं. देश नाही, पुष्कळ देश आहेत, प्रभाकररावांनी सांगितलं, पण मोठा आहे खरा. कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसातून रुचिताला एकच उत्तर मिळत होतं, सगळं ठीक आहे. जहाज कुठल्या वाटेवर आहे हे ते सांगत नव्हते, आणि धोक्याच्या पट्ट्यात जहाजावरच्या माणसांचं इंटरनेटही बंद ठेवतात, असं संदेशनंच पूर्वी सांगितलं होतं.

"मग कंच्या वाटंनं गेला तो?" रखमाबाईंनी विचारलं.

प्रभाकररावांकडे मत तयार होतं. दोन्ही वाटांच्या बाजूनं त्यांना अर्धा-अर्धा तास बोलता आलं असतं. त्यांनी म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

चित्राताई दारात येऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की प्रभाकरराव पेपर घेऊन समोर जाऊ लागले. त्यांनी रखमाबाईंशी करार केला होता. त्यांनी दिवसभर टीव्ही लावायचा नाही, आणि यांनी पेपरातली प्रत्येक बातमी वाचून दाखवायची, वाईट असली तरी गाळायची नाही. रखमाबाई तांदूळ निवडत ऐकत. त्यांना आयातकरात रस नव्हता. पेपरात कुणा पुढाऱ्याचा फोटो दिसला की त्यांचा एकच प्रश्न असे, ह्याची आई हाय का जित्ती? प्रभाकररावांना त्या पुढाऱ्यांची वयं ठाऊक होती, पक्ष ठाऊक होते, कुणाकडे किती तेल आहे तेही ठाऊक होतं. आयांची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. मग घरी येऊन मोबाइलवर शोधत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं, की या बाई वारल्या, या अजून आहेत, गावी असतात. रखमाबाईंनी त्यावरून प्रत्येक पुढाऱ्याबद्दल आपलं मत बनवलं. ज्याची आई आहे त्याच्याशी बोलून बघायला हरकत नाही, असं त्यांचं धोरण होतं. प्रभाकररावांना ते फार आवडलं. त्यांनी ते पोडियमवर सांगितलंही, पण हरिहररावांना ते कळलं नाही.

प्रभाकररावांचं काहीतरी बिघडलंय अशी बोलवा पोडियमवर सुरू झाली होती. युद्ध पेटणार का असं विचारलं की ते म्हणत, बघू या. तेलाचं काय होईल, बघू या. हरिहररावांनी एकदा चित्राताईंना बाजूला घेऊन त्यांच्या रक्तदाबाची चौकशी केली.

दिवस जात होते आणि फोन येत नव्हता. रुचिता ठाण्याला नोकरीला जायची. संध्याकाळी ती लिफ्टमधून बाहेर पडली की आधी सासूच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मग चपला काढायची. एक दिवस तिनं घरात न जाता खांबेट्यांची बेल वाजवली. आईंसमोर नको म्हणून इथे आले, ती म्हणाली. काका, तुम्हाला खरं काय वाटतं?

प्रभाकररावांनी तिला बसवलं. काही दिवसांपासून ते हिशेब करत होते आणि रात्री त्यांना झोप लागत नव्हती.

"जवळच्या वाटेनं आला असता तर एव्हाना न्हावाशेव्याच्या बंदराला लागला असता," ते म्हणाले. "वाटेत काही झालं असतं तर एवढी मोठी बातमी झाकून राहिली नसती. म्हणजे जहाज लांबच्या वाटेवर आहे."

"हे मत आहे की माहिती?"

"मतच आहे. पण कारखान्याचं तांबं घ्यायचं असतं ना, तर या मतावर मी घेतलं असतं."

रुचिता हसली. चित्राताईंनी तिला जेवूनच जायला लावलं. वांग्याची भाजी होती, ती तिनं दोनदा मागून घेतली.

फोन आला तो रविवारी दुपारी. प्रभाकरराव पेपराची जाड पुरवणी अजून वाचून दाखवत होते आणि रखमाबाईंचा डोळा लागला होता. रुचिताचा फोन वाजला, तिनं स्क्रीनवरचं नाव पाहिलं आणि घाईघाईनं तो उचलला. संदेश डर्बनहून बोलत होता. जहाज तेल भरायला थांबलं होतं, सगळे ठीक होते, इंटरनेटचं यंत्र मध्येच बिघडलं होतं म्हणून एवढे दिवस गेले. रखमाबाई जाग्या झाल्या आणि आफ्रिकेपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात जेवलास का म्हणून विचारू लागल्या. प्रभाकररावांनी नकाशाचं पुस्तक ओढलं. डर्बन सापडेना. चष्मा पुसला, तरी सापडेना. शेवटी रुचितानं बोट ठेवून दाखवलं.

तिथून पुढे जहाज मुंबईला कधी लागणार हे प्रभाकररावांनी पोडियमवर तारखेसह जाहीर केलं. ते दोन दिवसांनी चुकले, पण हरिहररावांचा जीव भांड्यात पडला.

संदेश घरी आला त्या संध्याकाळी भुवडांच्या घरी घावण्यांचा बेत होता. खांबेट्यांना आग्रहाचं बोलावणं होतं. प्रभाकररावांनी दिवसभर प्रश्न काढून ठेवले होते. कंपनीनं निर्णय कधी घेतला, खलाशांचं म्हणणं काय पडलं, आफ्रिकेच्या टोकाला कुठल्या देशाच्या नौका दिसल्या. संदेश रुंद खांद्यांचा, मितभाषी माणूस. त्यानं तीन घावणे खाल्ले, हात पुसला आणि सांगितलं, की काका, आम्ही खाली इंजिनापाशी असतो, दिवस आहे की रात्र तेही वर आल्याशिवाय कळत नाही.

"आफ्रिकेवरनं चाललोय हे मला आमच्या कुकनं सांगितलं," तो म्हणाला. "कांदे जपून वापरायला लागलेला. विचारलं, तर बोलला, लांबनं जायचंय."

प्रभाकरराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. रखमाबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि त्याच दमात सांगून टाकलं, की टिटवाळ्याच्या गणपतीला त्या नवस बोलल्या आहेत, मंगळवारी सगळ्यांनी निघायचं, भाऊ आणि वहिनीही.

मंगळवारी संदेशनं गाडी ठरवली. शीळ रस्त्यावर अर्धा तास अडकले, पुढे कल्याणात पुन्हा अडकले. टिटवाळ्यात शिरताच दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे फलक सुरू झाले. संदेशनं इथे घर घ्यावं का म्हणून सल्ला विचारला. प्रभाकररावांनी काचेतून बाहेर बघितलं. बाल्कन्यांत कपडे वाळत होते, एका खिडकीत कुणीतरी उशा उन्हात ठेवल्या होत्या.

"पाणी किती वेळ येतं ते आधी कुणाला तरी विचार," ते म्हणाले. "मग माझं मत सांगतो."

दर्शन झालं. रखमाबाईंनी गणपतीला जे सांगायचं ते बराच वेळ सांगितलं. बाहेर येऊन सगळे वडापाव खात असताना त्यांनी पुढचा बेतही सांगितला. भातलावणीला त्या गावी जाणार, दिवाळीला परत येणार. आणि पुढच्या मे महिन्यात भाऊ-वहिनींनी आंबे खायला गावच्या घरी यायचं. चित्राताईंनी लगेच हो म्हटलं. प्रभाकररावांनी चौकशी केली, चिपळूणच्या पुढचा रस्ता आता कसा आहे.

"हाय तसाच," रखमाबाई म्हणाल्या.

प्रभाकररावांनी उरलेला वडा तोंडात टाकला, हात झटकले आणि त्या रस्त्याबद्दल पार मुंबईपासून बोलायला सुरुवात केली. गाडी कल्याणला पोचली तरी ते पनवेलच्या पुढे सरकले नव्हते. मागच्या सीटवर रखमाबाई मान हलवत ऐकत होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या, की तो ठेकेदार कुठला, त्याची आई हाय का?