थांब, तो येतोय

...आणि त्या टॅरोच्या पत्त्याच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं, पुसून पुसून आणखीच पसरलेलं – कॅमेऱ्यात दिसेल म्हणून विनिताने कोपरा गुलाबी स्फटिकाखाली सरकवला. एव्हरशाईन सोसायटीतल्या या फ्लॅटमध्ये दुपारीच काय तो बरा उजेड येतो. रील करायचं ते आत्ताच.

मोबाईल वाजला. मेसेज होता गास गावच्या ऋतिकाचा, तिच्या क्लायंटचा. ‘ताई, मला बघून गेलेल्या पाहुण्यांना संध्याकाळी नकार कळवतेय. मुलगा चांगला आहे, पप्पा चिडलेत. पण तुम्ही म्हणालात ना, थांब, तो येतोय. मी रोज झोपताना ऐकते.’

रोज झोपताना... अगं, कशाला ऐकतेस?

ती व्हॉइस नोट. पैसे आले – पैसे म्हणायचं नाही, ऊर्जेची देवाणघेवाण म्हणायचं – की तीच सगळ्यांना फॉरवर्ड. सुरुवातीला ‘सखी’ आहे, नावाची कटकट नाही. पत्ते मांडायचेसुद्धा नाहीत. आणि मुळात ती कुणासाठी नव्हतीच. हर्षवर्धन सोडून गेला त्या आठवड्यात, ओट्याशी, फोडणी करपत असताना, मोबाईल तोंडाशी धरून विनिताने स्वतःचीच समजूत काढली होती – सखी, थांब, तो येतोय, मला आतून कळतंय... आणि रडू फुटलं होतं. हर्षवर्धन आला नाही. त्याच्या लग्नाचे फोटोही बघून झाले. आता डेटिंग ॲपवरच्या संकेतबरोबर शनिवारी कॉफीला जायचंय, कुर्ता इस्त्री करून ठेवलाय. म्हणजे मी नाही थांबले. मी कधीच पुढे निघाले, आणि ही पोर माझं ते रडणं उशाशी घेऊन झोपते. लाज वाटते, मनापासून वाटते – आणि त्यातच हेही सुचतं, की हिने हे कमेंटमध्ये लिहिलं तर किती जणी येतील... शी.

तिने टाईप केलं, ‘इतक्या जणांचं ऐकतेस, माझंच का खरं वाटलं?’

‘बाकीचे हसून बोलतात ताई. तुम्ही रडत होतात. खोटं बोलणारं माणूस असं रडतं का?’

विनिताने माईक दाबून धरला. होकार दे म्हणावं? तेही ती देववाणी समजून ऐकेल. मला काही कळत नाही ग, कधीच कळत नव्हतं – एवढंच बोलायचं होतं.

‘सखी...’ तोंडातून निघालं, त्याच मऊ आवाजात.

बोट उचलवेना. रडू येत होतं, अगदी खरं, आणि तेही रेकॉर्ड होत होतं याचीच तिला भीती वाटली.