दाण्यांत काय मिसळलंय ते सांगणारा मी

मित्रांनो, मी एक जुना परीक्षक आहे. माणूस नव्हे हं, यंत्र! प्लॅस्टिकच्या कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझं बस्तान आहे. सगळे मला ‘आजोबा’ म्हणतात.

प्लॅस्टिक उन्हात तडकू नये, मऊ राहावं, म्हणून त्यात नाना द्रव्यं मिसळतात. कोणतं किती, ते मी सांगतो. प्लॅस्टिकचे दाणे दळून द्रावकात उकळले, की ती द्रव्यं त्यात उतरतात. त्याचा थेंब मला सुईने पाजतात. माझ्या पोटात दोऱ्याएवढ्या बारीक नळीचं लांबच लांब वेटोळं आहे, आणि ते सतत तापलेलं असतं. त्यातून प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडतं आणि मी कागदावर त्याचा उंचवटा काढतो. द्रव्य जास्त, तर उंचवटा मोठा.

मी नवा होतो तेव्हा पाहुण्यांना आधी मला दाखवत. पुढे शेजारी चकचकीत यंत्र आलं, आणि माझा उपयोग चहाचे कप गरम ठेवण्यापुरता उरला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एकदा लहान मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी दाणे तयार झाले. त्यांत मऊपणा आणणारं द्रव्य नावालाही चालणार नव्हतं; ते पाण्यात उतरून पोटात गेलं तर अपाय होतो. नवं यंत्र नेमकं बिघडलेलं, म्हणून थेंब माझ्याकडे आला. मी नेमका त्याच द्रव्याचा भला मोठा उंचवटा काढला.

माल तयार करणारा मुकादम धावत आला. माल नापास झाला तर घरी बसायचं, असं साहेबांनी त्याला बजावलं होतं.

“बाई, हे म्हातारं काहीतरी बरळतंय! तेवढा उंचवटा खोडा ना,” तो काकुळतीला येऊन म्हणाला.

“खोडणार नाही,” तपासनीस बाई म्हणाल्या. “दाण्यांशिवाय नुसतं द्रावक देऊन बघते. घाईत तेच राहिलं.”

नुसत्या द्रावकालाही तोच उंचवटा!

“बघा! काढा याला भंगारात!” मुकादम म्हणाला.

बाई मात्र ओट्यावरची एकेक वस्तू न्याहाळू लागल्या. द्रावकाची काचेची बाटली फुटली म्हणून त्यांनी सकाळीच मऊ प्लॅस्टिकची घेतली होती. द्रावकाने तिच्यातलंच द्रव्य ओढून घेतलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारला, काचेची भांडी धुतली आणि दाणे दळण्यापासून सगळं पुन्हा केलं. या वेळी त्या जागी रेघ सपाट आली.

मुकादमाचे डोळे भरले. “आजोबा, वाचवलंत!” म्हणत त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि चटका बसून ओरडला.

“प्रेमळ आहेत, पण तापट,” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझी नळी स्वच्छ ठेवा, वेळच्या वेळी डागडुजी करा. आणि मी नकोसं काही सांगितलं, तर आधी आपली भांडी तपासा. त्या दिवशी दाणे चांगले निघाले. पण तेव्हा खोडायची सवय लागली असती, तर वाईट दाण्यांचा उंचवटाही खोडला गेला असता, आणि त्या दाण्यांच्या बाटलीतलं पाणी तुम्ही प्यायला असतात.