रापणीचा दोर डोंगरावर

मित्रांनो, मी एक जुना, काथ्याचा, तीन पदरी दोर आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हल्लीची मुलं माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "आये, ह्यां काय गो? नारळाची शेंडी?" त्यांचं फारसं चुकतही नाही. नारळाच्या सोडणांतूनच, म्हणजे वरच्या जाड सालातूनच, मी जन्मलो.

माझं गाव आचरा. तिथल्या खाडीच्या चिखलात ती सोडणं कित्येक महिने कुजत पडली होती. मग त्यांना बाहेर काढून बडवलं, धुतलं, वाळवलं, आणि सुटलेला काथ्या वळून वळून माझे तीन पदर केले. लहानपणी एवढा मार खाल्ल्यामुळे मी जरा ताठ स्वभावाचा झालो. हाताला खरखरीत लागतो, पण ओल्या हातातून निसटत नाही. नायलॉनच्या गुळगुळीत दोरांना हे जमत नाही, आणि हे मी मत्सराने सांगत नाही. बरं, थोड्या मत्सराने सांगतो.

माझी उमेदीची वर्षं रापणीवर गेली. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे लांब दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा दोन्हीकडून ते ओढत राहतात. मी त्यातलाच एक दोर. आमच्या रापणीचा म्होरक्या होता सेबॅस्टियन. ताण आला की तो ओरडायचा, "टाचो रुतवा! पाठ टाका!" लगेच सगळी रांग वाळूत टाचा रोवून मागे रेलायची. वाळूवर पाठ टाकलेला माणूस पडला तरी वाळूवरच पडतो. त्यामुळे कुणाला भीती नव्हती.

एकदा पाण्याखालच्या खडकाला घासून मी तुटलो होतो. नवा दोर आणू या, असं सगळे म्हणाले. सेबॅस्टियनने मात्र मला मांडीवर घेतलं, पदरात पदर ओवले आणि असा जोड दिला की तिथे मी आधीपेक्षा जास्त मजबूत झालो. काम संपलं की तो मला गोड्या पाण्याने धुवायचा, उन्हात पसरायचा आणि पीळ न मोडता गुंडाळून ठेवायचा. लेकराला न्हाऊ घालावं तसं. त्याचे हात मला फार आवडायचे.

पुढे यांत्रिक बोटी आल्या, किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली आणि आमची रापण बंद पडली. मंडळी पांगली. मी मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपीत, पडून राहिलो, उंदरांच्या सोबतीला. सेबॅस्टियन एकदाही मांगरात आला नाही. पुढे कळलं की तो किनाऱ्यावरही जात नव्हता. घरात बसायचा आणि कुणी बोलावलं तर गुडघा दुखतो म्हणायचा.

मला तिथून बाहेर काढलं त्याच्या मुलीने, रिशेलने. ती आंबोलीच्या बाजूला लोकांना डोंगर फिरवायचं काम करू लागली होती, डोंगराखालच्या वाडीतल्या गणपतबरोबर. त्यांची एक ठरलेली फेरी होती. देवळापासून निघायचं, रानातून चढून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, जायचं, तिथून कड्यालगतच्या वाटेने पलीकडे आणि ओढ्याच्या अंगाने उतरून पुन्हा त्याच देवळात. फेरी फार अवघड नाही. फक्त कड्यालगतची ती वाट जपून चालायची. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढीच जागा. वाट लांब नाही, पण तेवढ्यात लोकांच्या तोंडचं पाणी पळायचं.

तिथे कातळाच्या बाजूने, कमरेच्या उंचीवर, दोन अंजनीच्या झाडांमधे त्यांनी मला बांधलं. मी आधारापुरता होतो. "दोराक नुसतो हात लावा, वजन टाकू नकात," असं गणपत प्रत्येकाला बजावायचा. समुद्रावरचा मी, डोंगरावर गेलो आणि तिथेही कामाला आलो! पलीकडे पोचलेली माणसं हुश्श करून मला थोपटायची, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो.

पावसाळ्याआधी मला उतरवून वाडीतल्या मांगरात ठेवायचं, असा नियम होता. आंबोलीचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. तो पडत नाही, मुक्कामाला येतो. एका वर्षी गणपतला वाटलं, रिशेलने दोर नेला. रिशेलला वाटलं, गणपतने नेला. आणि मी सगळा पावसाळा कड्यावर भिजत राहिलो. समुद्राचं खारं पाणी मी जन्मभर पचवलं, पण ते अंगात मुरणारं गोडं पाणी मला सोसलं नाही. अलीकडच्या अंजनीजवळ, गाठीच्या खाली, मी काळा पडलो. वरून शेवाळ आलं, आत एक पदर कुजला, दुसराही मऊ पडू लागला. पावसाळा सरल्यावर फेऱ्या सुरू झाल्या. मी होतो तिथेच आहे हे बघून दोघंही हसली, पण गाठीवरचं शेवाळ बाजूला करून कुणी पाहिलं नाही. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

मग थंडीतल्या एका सकाळी रिशेलने आमची जुनी रापणीची मंडळीच फेरीला आणली. सेबॅस्टियनही आला होता. तो येत नव्हता, पण रापणीची मासळी पाट्या भरून बाजारात नेणारी रुक्मिणी त्याच्या दारात जाऊन बसली होती. "गुडघो दुखता तर घरात बसान बरो होतलो काय?" असं म्हणून तिने त्याला उठवलंच. खाली देवळात गणपतने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांना सुखरूप वर ने आणि सुखरूप खाली आण, असं त्याने देवाला सांगितलं. "होय महाराजा!" सगळ्यांनी साथ दिली. सेबॅस्टियनचा आवाज सगळ्यांत मोठा होता. वर त्याने छातीवर क्रूसाची खूणही केली, कुठेच कसर नको म्हणून.

अर्धी मंडळी कड्याची वाट ओलांडून पलीकडे गेली. रुक्मिणीही गेली. मग रिशेल पुढे आणि तिच्या मागे सेबॅस्टियन निघाला. त्याने माझ्यावर हात ठेवला, दोन पावलं सरकला आणि थांबला. त्याची बोटं त्या जुन्या जोडावर आली होती.

"रिशेल," तो म्हणाला, "ह्यो आमचो दोर. ह्यो जोड माझ्या हातचो."

"होय, पप्पा. चल आता. दोराक नुसतो हात लाव."

इतक्या वर्षांनी ते हात भेटले. मला रडू येण्यासारखा आनंद झाला आणि त्याच क्षणी धडकीही भरली. इतर कुणी असता तर नुसता हात लावून गेला असता. हा माणूस मला तसा कधी धरतच नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

वाटेच्या मधोमध त्याने खाली पाहिलं. दरीत धुकं होतं, पांढरं, हलणारं. त्याचे डोळे फिरले. घाबरलेला माणूस सवयीचं तेच करतो. सेबॅस्टियनने मला दोन्ही हातांनी आवळलं, टाचा रोवल्या आणि पाठ टाकली.

मागे वाळू नव्हती.

त्याच्या टाचेखालचा मुरूम सुटून दरीत गेला. तो मागे कलला, पाय वाटेच्या काठावर आणि बाकी सगळा देह बाहेर. त्याचा सगळा भार माझ्यावर आला. गाठीखालचा कुजका पदर तटकन तुटला. दुसरा पदर उकलू लागला. मी जन्मभर किती ओढलं असेल, पण तेव्हासारखा जीव एकवटून कधी धरलं नव्हतं.

रिशेलने एका हाताने कातळाची खाच धरली आणि दुसऱ्याने बापाचं मनगट. त्याला आत ओढायची ताकद तिच्यात नव्हती.

"गाठ जाता रे!" अलीकडे उरलेल्या मंडळींबरोबर थांबलेला गणपत ओरडला. त्याने झेप घेऊन मला कुजक्या जागेच्या पुढे, सेबॅस्टियनच्या बाजूला धरलं. "हयसून धरा! झाड सोडा, दोर धरा!"

"रापण ओढा!" रिशेल किंचाळली. "दोनूय बाजून ओढा!"

आणि मित्रांनो, त्या मंडळींना पुढचं काही सांगावं लागलं नाही. अलीकडची रांग गणपतच्या मागे लागली. पलीकडच्यांनी त्यांच्या अंजनीजवळ मला पकडलं, सगळ्यांत पुढे रुक्मिणी. "टाचो रुतवा! पाठ टाका!" तिने आरोळी दिली. तिच्या बाजूला रुंद सडा होता, तिथे पाठ टाकायला हरकत नव्हती. दोन्हीकडून एकाच दमात ओढ बसली. मी सरळ होत गेलो, आणि मी सरळ होऊ लागलो तसा मला घट्ट धरलेला सेबॅस्टियन बाहेरून आत येत गेला. त्याची छाती कातळाला टेकली. रिशेलने त्याला मिठीच मारली.

हळूहळू ती दोघं पलीकडे पोचली. सेबॅस्टियन खाली बसला. मग तो पुटपुटला, "माका वाटला, पाठी वाळू आसा."

"आमच्या रापणीक इतको जड मासो कधी गावलो नव्हतो!" रुक्मिणी म्हणाली, आणि सगळी माणसं हसता हसता रडू लागली. मीही सैल पडलो. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

रिशेल आणि गणपत खाली मान घालून उभी होती, एक अलीकडे, एक पलीकडे. सेबॅस्टियन त्यांना रागावला नाही. त्याने गणपतला मला सोडायला सांगितलं आणि पलीकडे ओढून घेतलं. काळा भाग कोयत्याने तोडला. मग पीळ न मोडता मला गुंडाळून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दोर नाही म्हणून अलीकडची मंडळी आल्या वाटेने उतरली, पलीकडची ओढ्याच्या अंगाने, आणि दोन्ही रांगा खाली देवळात येऊन मिळाल्या. सगळे आहेत ना, हे सेबॅस्टियन पुन्हा पुन्हा बघत होता.

आता कड्यावर नवा दोर आहे. पावसाळ्याआधी तो उतरवायला सेबॅस्टियन स्वतः जातो, आणि बांधताना त्यावरून इंचाइंचाने तळवा फिरवतो. गुडघ्याचं नाव काढत नाही. तुम्ही कधी अशा वाटेने गेलात तर दोराला हात लावा, पण आधी त्याची गाठ बघा, मित्रांनो. शेवाळ बाजूला सारून बघा. आम्हाला कुठे दुखतं ते सांगता येत नाही.

मी सेबॅस्टियनच्या पडवीत असतो, दोन खांबांना बांधलेला. रोज सकाळी आंघोळ करून तो आपली ओली लुंगी माझ्यावर टाकतो. पाणी टपकतं, अंग गार पडतं, पण मी कुरकुरत नाही. ती लुंगी अंगावर पडली की माझा जीव भांड्यात पडतो. ती नेसणारा माणूस घरी आहे.