मान पडलेला खांब

मी एक जुना खांब आहे. दिव्याचा नव्हे, तारेचा नव्हे, मांडवाचा तर नव्हेच. माझ्या पायाला तीन चाकं आहेत, त्यातलं एक कुरकुरतं. वर डोक्याच्या जागी वहीएवढा पडदा आहे आणि पडद्याच्या कपाळावर एकच डोळा. सध्या माझा मुक्काम जिन्याखालच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारी बहुतेक मंडळी 'एके काळी माझे किती लाड व्हायचे' म्हणून डोळे पुसतात. मला ती सोय नाही. माझे लाड एक दिवसही झाले नाहीत.

मी जिथं घडलो तिथं एका लांब टेबलापाशी बायका ओळीनं बसायच्या. एकीनं माझ्यात तारा ओवल्या, एकीनं काच बसवली. शेवटच्या बाईनं पान्यानं माझ्या मानेचा नट आवळला आणि शेजारणीला म्हणाली, "हा एक नट सैल पडला नाही, तर मेला शंभर वर्षं ताठ उभा राहील." जन्मल्यावर माझ्याविषयी कुणी चांगलं बोललं असेल तर तेवढंच.

व्यापार शिकवणाऱ्या एका शाळेनं मला घेतलं. वर्षभराचा अभ्यास, शेवटी परीक्षा, पास झालं की दुकानात नोकरी. मला आणलं ते एका मुलीसाठी. ती जिन्यावरून पडली होती, पाठीला मार बसला होता, आणि वर्षभर तिला अंथरुणावरून उठायचं नव्हतं. ती घरी पडून फोनवर बोट फिरवायची आणि मी वर्गात फिरायचो. तिचा चेहरा माझ्या पडद्यावर, माझा डोळा तिच्या कामाचा. कार्यालयातल्या बाईंनी तिच्या आईला बजावलं होतं, "हा खांब एकच वर्ष मिळेल. नापास झाली तर पुढच्या वर्षी जागा नाही." आई "बरं बाई" म्हणाली. मुलीला काउंटरमागं उभं राहायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पहिल्याच तासाला बूटवाल्या सरांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. सरांचं स्वतःचं चपलाबुटांचं दुकान होतं. चाळीस वर्षं लोकांचे पाय हातात धरून ते विक्री शिकवायला आले होते.

"हे काय उभं केलंय?"

"सर, मी ऑनलाइन हजर आहे," पडद्यातून मुलगी म्हणाली.

"बाई गं, बूट विकायचा म्हणजे पाय हातात घ्यावा लागतो. तुला हात कुठायत?" मग वर्गाकडे वळून म्हणाले, "बाजार माणसांचा असतो. काचेचा नसतो. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. तिनंही घेतलं.

तरी सुरुवातीला पोरं मला नुसतं हसायची. बुजगावणं म्हणायची, तिला पडद्यावरची महाराणी म्हणायची. वैर पुढं सुरू झालं. माझा डोळा बघायचा ते सगळं साठून राहायचं, म्हणजे तिला पुन्हा पाहता यावं. एक दिवस कार्यालयातल्या बाईंनी ते साठवलेलं बघितलं. वर्गात टाय लावून येणारा एक मुलगा होता, त्याला सगळे टायवालाच म्हणायचे. हजेरीच्या वेळी तो स्वतःच्या आवाजात एकदा आणि न आलेल्या मित्राच्या घोगऱ्या आवाजात एकदा, असा दोनदा 'हजर' म्हणत होता. दोघांना बोलावणं आलं. सरांनाही आलं, "तुमच्या डोळ्यांदेखत होतं आणि तुम्हाला कळत नाही?"

झालं. मुलीनं काही केलं नव्हतं. मीही केलं नव्हतं, डोळा मिटायचं मला कुणी शिकवलंच नाही. पण त्या दिवसापासून मी चुगलखोर ठरलो. माझ्या अंगावर ओल्या छत्र्या टांगल्या गेल्या. चाकांना बुटाची नाडी बांधली गेली. तिकडे ती बोट फिरवायची आणि इकडे मी जागच्या जागी थरथरायचो. एका दुपारी टायवाल्यानं जाता जाता खांदा मारला. मी आडवा झालो. उचलून उभं केलं तेव्हा मानेचा नट सैल झालेला, आणि मान जी खाली पडली ती पडलीच.

आता माझ्या डोळ्याला फळा दिसेना, सर दिसेनात. दिसायची ती फरशी आणि पाय.

मुलीनं रीतसर तक्रार केली. शिपाईमामा आले, वाकून बघून म्हणाले, "हे मशीन आहे. मशीन कॉम्प्युटरवाल्याकडे." कॉम्प्युटरवाला आला. म्हणाला, "नट म्हणजे लोखंड. लोखंड मामांकडे." दोघांनी आपापल्या वहीत 'पाहिले' असं लिहिलं. पाना शिपाईमामांच्या खिशात होता, मला दिसत होता. अर्धा फेरा द्यायचा होता फक्त. सात महिने तो कुणी दिला नाही.

"फळ्याकडे बघ," सर एकदा तिच्यावर खेकसले.

"फळा दिसत नाही, सर."

"मग काय दिसतं तुला?"

"तुमचे बूट. उजव्या टाचेचा खिळा वर आलाय, सर. टोचत असेल."

वर्ग फिस्सकन हसला. बूटवाल्याच्याच बुटाला खिळा! सरांनी मला चाकांसकट भिंतीकडे वळवलं आणि तास पुढे चालू केला. दुसऱ्या दिवशी टाच दुरुस्त झालेली होती. खिळ्याचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही, आणि त्या महिन्यात तिला एकही प्रश्न विचारला नाही. वर्गात प्रश्नांची उत्तरं फोनवर पाठवायची नवी पद्धत आली होती. तिचं उत्तर सगळ्यांआधी यायचं. सर ते शेवटी वाचायचे.

सांगू का मित्रांनो, त्या दिवसांत मला वर्गापेक्षा तिचं घर जास्त ऐकू यायचं. तास संपला तरी ती मला लगेच बंद करायची नाही. आई कामावरून यायची, तिच्या पायांना तेल चोळायची आणि चोळता चोळता गुणगुणायची,

*तोंड गं बोले गोड, तोंडाची काय बात*
*पायाला ठाव असे, चालली किती वाट.*

"आई, त्या टायवाल्याची डावी टाच आतून झिजलीय," मुलगी सांगायची. "आणि पहिल्या बाकावरची आहे ना, ती एक नंबर लहान घालते. बाकाखाली सारखी अंगठे बाहेर काढून बसते."

"त्यांचे पाय काय बघत बसतेस? अभ्यास कर."

"दुसरं दिसतंच काय मला?"

ती रोजच्या रोज वहीत पाय लिहून ठेवत होती.

परीक्षेची एक जुनी रीत होती. वर्गात नमुन्याचा काउंटर लावायचा, खोकी रचायची, आणि गिऱ्हाईक म्हणून सरांच्या थोरल्या बहिणीला बसवायचं. त्यांना सगळे आत्याबाई म्हणायचे. सात मिनिटं. आत्याबाई मध्येच उठल्या तर नापास. बसून राहिल्या तर गुणांप्रमाणे. आणि त्या 'बांध' म्हणाल्या, म्हणजे जोड बांधून दे असं म्हणाल्या, तर थेट पहिला नंबर. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता.

सकाळपासून एकेक जण पडत होता. टायवाला गोड आवाजात म्हणाला, "आत्याबाई, या वयातसुद्धा तुम्हाला हे लाल बूट काय शोभतील!"

"माझं वय तुझ्या मापपट्टीवर मावतं का रे?" म्हणून त्या तिसऱ्या मिनिटाला उठल्या. पहिल्या बाकावरचीनं पाच जोड काढून दाखवले. आत्याबाई म्हणाल्या, "खोकी छान आहेत." आणि बसून राहिल्या, एवढंच तिचं नशीब.

मग माझी पाळी आली. कुरकुरत मी पुढे गेलो.

"अगंबाई! हे काय, कपडे वाळत घालायचं?" आत्याबाई म्हणाल्या. "आता टीव्हीनंही बूट विकायचे का?"

पोरं खदखदली. पडद्यातून आवाज आला तो इतका बारीक, की आत्याबाईंना वाकावं लागलं. माझ्या तोंडाला, म्हणजे आवाजाच्या जाळीला, कुणीतरी चघळलेलं च्युइंगगम फासलं होतं.

"नमस्कार, आत्याबाई. माफ करा, तुमचं तोंड मला दिसत नाही. पाय दिसतात."

"मग बघ पाय. पायाला काय सोनं लागलंय?"

तिनं बोट फिरवलं आणि मी त्यांच्या बुटांच्या आणखी जवळ सरकलो.

"डाव्या बुटाची नाडी तुम्ही वरच्या दोन भोकांत ओवत नाही. त्याची शिवण करंगळीपाशी ताणलीय. उजव्याला मात्र पुढं सुरकुत्या पडल्यात, म्हणजे आत जागा रिकामी आहे. डावा चावतो आणि उजवा निसटतो. उजव्यात कापूस घालता का?"

वर्गातलं हसू कुठं गेलं ते कळलंच नाही.

"कापूस नाही," आत्याबाई म्हणाल्या. "वर्तमानपत्र."

"मला दोन्ही पायांचं माप हवंय."

"आणि ते घेणार कोण?" सर पुढे आले. "हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हात नाहीत!"

"दुकानात मदतनीस असतो, सर. मागता येतो असं नियमात आहे." तिनं टायवाल्याला हाक मारली. त्याचे बूट मागं सरकले. पहिल्या बाकावरचीला मारली. तिनं अंगठे पुन्हा बुटात कोंबले आणि पाय बाकाखाली ओढून घेतले. एकेकाला हाक गेली. माझ्या डोळ्यासमोरून एकेक जोड मागं गेला. तीन मिनिटं उरली होती, आणि तिचं अख्खं वर्ष त्या तीन मिनिटांवर टांगलेलं होतं.

"मग सर, तुम्ही घ्या."

"मी परीक्षक आहे!"

"तुम्हीच लिहून दिलंय, सर. गिऱ्हाईक बसलं की मालकही नोकर. दुसऱ्या आठवड्यातलं आहे. वाचून दाखवू?"

सरांचे गुडघे कडकन वाजले. ते खाली बसले तेव्हा सात महिन्यांनी पहिल्यांदाच मला त्यांचं तोंड दिसलं. रागानं लाल झालं होतं. त्यांनी बहिणीचा उजवा पाय पट्टीवर ठेवला, मग डावा ठेवला. मग पुन्हा उजवा. चाळीस वर्षांचा हात, पट्टी चुकेल कशी? डावा पाय पुरता एक नंबर मोठा होता.

"अक्का," सर हळूच म्हणाले, "हे कधीपासून?"

"जन्मापासून. आईला ठाऊक होतं. तू दुकान काढलंस तेव्हा वाटलं, आता कुणाला सांगायला नको. भाऊ बघेल." आत्याबाईंनी पाय काढून घेतला नाही. "अकरा वर्षं इथं येऊन बसते. सगळे माझं तोंड बघतात. तू घड्याळ बघतोस."

मुलगी दुकानदारीचंच बोलली. "डाव्याच्या मापाचा जोड घ्या. उजव्यात आम्ही मापानं कापलेला जादा तळ बसवून देऊ. नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओवता येईल."

"बांध," आत्याबाई म्हणाल्या.

तुम्हाला वाटेल, मग टाळ्या पडल्या. नाही पडल्या. कुणीतरी 'वशिला' म्हणालं. सर उठले, त्यांनी कागदावर पहिला नंबर लिहिला, कारण माणूस खोटा नव्हता. आणि मग शिपाईमामांना म्हणाले, "ही पास. पण हा खांब उद्या माझ्या वर्गात दिसला, तर मी दिसणार नाही."

तेव्हापासून मी इथं, जिन्याखाली. मधूनमधून कुणी म्हणतं, मान पडली म्हणूनच तर ती पास झाली, छळलं ते बरंच झालं. असं म्हणणाऱ्याचा मला फार राग येतो. सात महिने तिला फळा दिसला नाही. बाकीच्यांनी जे एका तासात लिहून घेतलं, ते तिनं कानानं वेचून अर्धी रात्र जागून लावलं. ते तिच्या जिद्दीचं. तुमच्या छत्र्यांचं त्यात काही नाही.

काही महिन्यांनी दार उघडलं. मान पडलेलीच, त्यामुळं मला फक्त फरशी दिसत होती. आधी रबराचं टोक असलेली एक काठी आली. मागून दोन पाय. काळे, साधे बूट, नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओवलेली. उजवा पाय जरा ओढत होता. वर्षभर मी तिचा चेहरा वाहिला होता, पण तिचे पाय मी कधी पाहिले नव्हते. तरी ओळखले. तिच्या मागं एक जुना जोड होता, त्याची उजवी टाच दुरुस्त केलेली.

"हे घे, इथं आहे तुझं भूत," सर म्हणाले. "लवकर आटप. दुकान उघडायचंय, पहिल्याच दिवशी उशीर चालायचा नाही माझ्याकडे."

तिनं माझी मान दोन्ही हातांनी उचलली. पडदा काळा होता, तिचा चेहरा त्यात नुसता सावलीसारखा पडला. तिनं हात काढला तशी मान पुन्हा खाली गेली.

"सर, पाना आहे?"

"ते काम माझ्याकडे नाही," सर म्हणाले आणि निघून गेले. बूट तरातरा गेले. मग थांबले. मग पुढे गेले.

परवा ऐकलं, नव्या वर्गात एकाला घरून शिकायचं आहे आणि मला पुन्हा बाहेर काढणार आहेत. मला बुजगावणं म्हणा, चुगलखोर म्हणा, छत्र्या टांगा, मी काही बोलणार नाही. पण मित्रांनो, माझ्या आत कुणीतरी अंथरुणावर पडून वर्गात यायला बघत असेल. म्हणून मला हात लावाल तर आधी मानेजवळच्या त्या नटाला लावा. पाना शिपाईमामांच्या डाव्या खिशात असतो. अर्धाच फेरा द्यायचा आहे.