कुंपणालगतचं गवत

लिअ‍ॅनने दोन्ही हात वर केले, तसा ट्रॅक्टर गचका खाऊन थांबला.

“आता काय?” क्लॅरी वरूनच ओरडला. लिअ‍ॅन सांभाळत असलेल्या अभयारण्याला लागून त्याची शेती. क्वीन्सलंडच्या या कोपऱ्यात आग लागली की सत्तरीचा हा माणूस सगळ्यांच्या आधी नांगर जोडून हजर होणार, आणि आल्यापासून करवादत राहणार.

“सतरा नंबरची मादी. इथेच आहे, दहा पावलांत.” गळपट्ट्याचा माग काढणारं यंत्र लिअ‍ॅनच्या हातात टकटक करत होतं.

“मग हाकल की! पोरी, आग टेकडीवर आलीय. ती अडवायला कुंपणालगतचा पट्टा अर्ध्या तासात नांगरला नाही, तर तुझं अख्खं रान गेलं.”

हाकलून पळाली असती तर काय हवं होतं! पण कांगारूची ही धाकटी चुलत बहीण, वॉलबी, घाबरली की हनुवटी जमिनीला टेकून निपचित पडते. नांगर आला तरी हलत नाही. धरायला गेलं तर पिशवीतलं पिल्लू बाहेर टाकते. यंदा अख्ख्या रानात पिल्लं चारच होती, त्यातलं एक हिच्या पिशवीत.

लिअ‍ॅन गुडघ्यांवर बसली आणि तिने गवत अलगद बाजूला केलं. खांद्यावरचा पांढरा पट्टा दिसला. एक काळा डोळा तिच्याकडे बघत होता. पापणीही लवत नव्हती.

“सापडला उंदीर?” क्लॅरीने विचारलं. “चल, आतल्या अंगाने वळवतो.”

“मग ही पट्ट्याबाहेर, आगीच्या बाजूला राहील.”

“आणि बाहेरच्या अंगाला माझं कुंपण आहे.”

“माहितेय.”

धूर आता घशात उतरत होता. मागच्या गवतात आणखी दीडशे जणी अशाच पडून होत्या. लिअ‍ॅन उठली.

“घाला नांगर, सरळ,” ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

ट्रॅक्टर पुढे आला नाही. थोड्या वेळाने तार तुटल्याचा आवाज झाला. मग दुसरी तुटली. तिने वळून पाहिलं. क्लॅरी पक्कड घेऊन स्वतःच्याच कुंपणाशी वाकला होता. पलीकडे त्याची ज्वारी उभी होती, दाणा भरत आलेली.

“क्लॅरी, अहो, नांगर उभ्या पिकातून जाईल!”

“ओरडू नकोस,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “उठेल ती.”