मथुराचे कान उघडले

म्हसावदच्या चौकात त्या गुरुवारी शे-दोनशे माणसं जमली होती. फळ्यांच्या मंचावर चुनीलाल पाटलांची सात वर्षांची मुकी-बहिरी मथुरा अनवाणी उभी होती. तिच्या पाठीमागे, दर गुरुवारी गावात येणाऱ्या नादबाबांच्या चेल्याने मंचावर ठेवलेल्या नगाऱ्यावर टिपरू हाणलं. मथुरा गर्रकन वळली! तीनदा वाजवलं, तीनदा वळली.

"शब्दब्रह्माने कानाची सात कुलपं उघडली!" बाबा गरजले. "आठवं श्रद्धेने उघडेल. नाही उघडलं, तर दोष घरच्यांचा."

पाटलांनी गावभर गूळ वाटला. मीही खाल्ला, गुळाशी माझं भांडण नव्हतं.

आठवडाभरात मथुराच्या दंडावर वळ उठले. आमच्या शाळेतल्या प्रमिलाबाईंनी तिच्या आईला, तापीबाईंना, विचारलं.

"बाई, आते तिले ऐकू येस," तापीबाई म्हणाल्या. "तरी हाक मारी तर देखस नही. मुद्दाम करस! बाबा सांगतस, घरमा श्रद्धा कमी शे. मंग मी काय करू?"

पुढच्या गुरुवारी प्रमिलाबाई मथुराला घेऊन चौकात आल्या. कापसाने भरलेली बैलगाडी शेजारीच होती. त्यांनी पोरीला कापसावर उभं केलं.

"बाबा, आता वाजवा."

नगारा दणाणला. बैल बिचकले. मथुरा शांतपणे कापसातली सरकी वेचत राहिली.

"कापूस अपवित्र आहे!" बाबा ओरडले. गावाचं पोट कापसावर. लोकांना ते लागलं.

"तापीबाई, चपला काढून मंचावर या," बाई म्हणाल्या. "कानात बोटं घाला, डोळे मिटा."

चेला टिपरू लपवू लागला, तेव्हा बाईंनी स्वतःच नगारा बडवला. तापीबाई दचकून वळल्या.

"माय व! पायले समजनं!"

"तिलाही पायांनीच समजलं होतं. फळ्या हादरतात. कान बंदच आहेत तिचे."

तापीबाई मंचावरून उतरून मथुराजवळ गेल्या. "आठ रोज मारं मी तिले," एवढंच बोलल्या. बाबा श्रद्धेच्या अभावावर बोलत बोलत शहाद्याच्या मोटारीत चढले.

आता तापीबाई समोर जाऊन, खांद्याला हात लावून मथुराशी बोलतात; प्रमिलाबाईंनी खुणा शिकवल्यात. पोर घागर आणते, भाकरी थापते, भांडतेसुद्धा.

तेव्हा मंडळी, पोर ऐकत नाही म्हणून हात उगारण्याआधी, तिला ऐकू येतं का, एवढं तरी बघा.